काऊ म्हणजे गाय नव्हे

जानेवारीतल्या न्यू जर्सीत माझ्यासारख्या म्हाताऱ्याला करण्यासारखं फारसं काही नसतं. दारातला बर्फ जावई काढतो, स्वयंपाकघर हिच्या ताब्यात असतं आणि नातू जेवला की झोपतो. त्या दुपारी टेबलावर एक कागद पडला होता, सहीची जागा कोरी. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला सहीवाचून पडलेला कागद बघवत नाही. मी उचलून वाचला. आमच्या गुंड्याची तपासणी करायला शाळेला आईबापांची परवानगी हवी होती. 'डिसॅबिलिटी' हा शब्द पहिल्याच पानावर मी तीनदा मोजला.

मुलगी घरूनच काम करते. चहाला खाली आली तेव्हा कागद माझ्या हातातच होता.

"ह्याला कसली डिसॅबिलिटी गं? काल माझा चष्मा फ्रीजमध्ये ठेवून आला पठ्ठ्या. विचारलं तर फ्रीजकडं बोट."

"बोटच दाखवलं ना, अण्णा? मेमध्ये तीन पूर्ण होतील. अजून दोन शब्द जोडत नाही."

"तुझा मामा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. पुढं सरपंच झाला. आता ग्रामसभेत त्याला खाली बसवायला दोन माणसं लागतात."

"मामाची गोष्ट सगळे सांगतात. जे पुढंही बोलले नाहीत त्यांची कोण सांगतं?"

हे मला लागलं. का लागलं ते पुढं येईल. तेव्हा मी फक्त साखर ढवळली आणि मुद्द्यावर आलो.

"पण बाई येतात की घरी दर बुधवारी. ते चाललंय ते चालू दे. नवीन तपासणी कशाला?"

"कारण ते तिसऱ्या वाढदिवसाला बंद होतं. एक दिवस पुढं नाही. इथं जन्मापासून तीन वर्षांपर्यंत एक खातं, 'अर्ली इंटरव्हेन्शन'. तिथून पुढं गावातली सरकारी शाळा. कायदा एकच, भाग दोन. पहिल्या भागातली पात्रता दुसऱ्या भागात चालत नाही."

"म्हणजे गाव बदललं की रेशनकार्ड नवीन."

"तसंच. आणि नवीन कार्डासाठी पुन्हा सगळे पुरावे."

मग तिनं मला पहिलं कार्ड कसं मिळालं ते सांगितलं. मी तेव्हा इथं नव्हतो, आणि फोनवर तिनं हे कधी काढलं नव्हतं. आम्हाला काय वाटेल म्हणून नसेल काढलं. गुंड्या बावीस महिन्यांचा असताना तिनं स्वतःच फोन केला होता. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईबापांनी नुसता संशय बोलून दाखवला तरी पुरतो. आधी कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. फोन केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत तपासणी आणि पात्र ठरला तर आराखडाही, अशी कायद्याची मुदत. दोन बायका घरी आल्या, जमिनीवर बसल्या, ठोकळे काढले. पाच गोष्टी पाहिल्या: हालचाल, समज, भाषा, माणसांत मिसळणं आणि स्वतःचं स्वतः करणं. तपासणी फुकट. थेरपीचे पैसे मात्र मिळकतीप्रमाणे द्यावे लागतात. शाळेकडं गेल्यावर तेही नाहीत.

"आणि शाळेसाठी पात्र कोण ठरवतं? त्याच बायका?"

"आकडा ठरवतो. न्यू जर्सीत एका क्षेत्रात वयाच्या तेहतीस टक्के मागं, किंवा दोन क्षेत्रांत पंचवीस टक्के. शेजारच्या राज्यात रेघ वेगळी असू शकते. कायदा देशाचा, रेघ ज्याची त्याची."

मास्तराला आकडा दिला की तो पाटी शोधतो. बत्तीस महिन्यांचं पोर, त्याचे पंचवीस टक्के आठ. म्हणजे चोवीस महिन्यांच्या पोराएवढं जमत असेल तर पंचवीस टक्के मागं. तेहतीस टक्क्यांना साडेएकवीसच्याही खाली. मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं.

"म्हणजे बावीस महिन्यांच्या पोराएवढं बोलला तर नापास नाही, आणि एकवीसएवढं बोलला तर मदत. एका महिन्यावर?"

"हो. रेघ म्हटली की अलीकडं एक, पलीकडं एक आलंच. आपल्याकडं नाही का, चाळीस टक्के?"

आहे. चांगलं माहीत आहे. दिव्यांगांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मोजतो, पण बहुतेक सवलतींचं दार चाळीस टक्क्यांना उघडतं. सिव्हिल हॉस्पिटलात दाखल्याच्या दिवशी लागणारी रांग मी पोरं घेऊन धरलेली आहे. हाडाचा डॉक्टर असेल तर कानाचा नसतो, कानाचा असेल तर मशीन बंद. मात्र बसल्या बसल्या एक फरक माझ्या ध्यानात आला, तो मी तिला बोलून दाखवला. आपला टक्का शरीरातल्या उणेपणाचा असतो: पाय किती गेला, कान किती गेला. यांचा टक्का वयाच्या मानानं किती मागं राहिलं याचा. पोराला काय झालंय हे विचारायच्या आधीच हे लोक मोजायला बसतात.

"पण नुसतं मोजून भागत नाही," ती म्हणाली. "दुसरा प्रश्न असतोच. या मागं पडण्यामुळं त्याला खास शिकवणीची गरज आहे का? दोन्हीला हो आलं तरच पात्र. डॉक्टरनं लिहून दिलं म्हणून शाळा पात्र धरत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीकडं ऑटिझमचं निदान लिहिलेला कागद होता. तिलाही सगळी तपासणी करावी लागली. दवाखान्यातलं निदान वेगळं आणि शाळेतली पात्रता वेगळी."

"हे तर उलटंच झालं. दाखला असून उपयोग नाही, आणि दाखला नसून शिक्का."

"शिक्का नाही म्हणत त्याला."

"मग काय म्हणतात?"

ती जरा थांबली. "म्हणतात, 'प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी'."

मी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. बोललो काही नाही.

"ऐका तरी. देशाच्या कायद्यात तेरा प्रकार आहेत, बहिरेपणा, अंधत्व, ऑटिझम असे. पण लहान मुलाला इतक्यात कुठल्या तरी एका खणात टाकू नये म्हणून 'विकासात विलंब' असा एक ढोबळ शब्द मुद्दाम ठेवलाय. तीन ते नऊ या वयासाठी राज्यांना तो वापरता येतो. आमच्याकडं तर बालवाडीचं शेवटचं वर्ष संपतं त्या तीस जूनच्या आत पुन्हा तपासणी करावीच लागते. तेव्हा गरज नसली तर नाव निघतं. आणि आम्ही कधीही लिहून दिलं की आम्हाला सेवा नकोत, तर त्यांना थांबवावंच लागतं. ढ म्हटलेल्या पोराला तुमच्या शाळेत अशी सोय होती?"

नव्हती. 'ढ' हा दाखला आम्ही फुकट वाटायचो. रांग नाही, तपासणी नाही, आईबापांची सही नाही. पहिलीत मिळाला की चौथीपर्यंत टिकायचा, गाव लहान असलं तर लग्नातसुद्धा आठवण निघायची. हे मी तिच्यापुढं कबूल केलं. पण माझी मूळ शंका त्यानं मिटत नव्हती.

"बरं, मोजा. पण कशानं मोजणार? हे पोर घरात मराठी ऐकतं. आजी त्याच्याशी माणदेशी बोलते. त्याला इंग्रजी चित्रांच्या वहीतून तपासणार आणि मागं पडला म्हणणार?"

ती हसायला लागली. "काऊची गोष्ट सांगितली नाही का मी तुम्हाला? पहिल्या तपासणीतली. त्या बाईंनी चित्र दाखवलं, काळा पक्षी. हा खूश होऊन म्हणाला, काऊ! बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं तर लिहिलेलं, पक्ष्याला गाय म्हणतो."

आतून हिचं हसणं ऐकू आलं. मला काही हसू येईना.

"तू वाकून बघितलंस म्हणून."

"हो. मी सांगितल्यावर त्यांनी लगेच खोडलं. 'सॉरी' म्हणाल्या, आणि पुढचं प्रत्येक चित्र मला विचारून लिहिलं. बाई वाईट नव्हती, अण्णा. तिला मराठी येत नव्हतं."

"वाईट बायकांची भीती कुणाला आहे? चांगल्या बाईच्या हातूनच शिक्का बसतो. ती मनापासून मारते."

"तेच या देशात झालंय," ती म्हणाली, आणि हा भाग तिनं अगदी सावकाश सांगितला. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांच्या पोरांना इंग्रजीतून बुद्धिमापन चाचण्या दिल्या आणि मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात बसवलं. नऊ मुलांच्या वतीनं १९७० मध्ये खटला झाला. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली तर बहुतेकांचे गुण वर गेले. काळ्या मुलांच्या बाबतीत असाच एक खटला झाला, त्याचा निकाल १९७९ मध्ये लागला. म्हणून आता कायद्यात लिहिलंय की अगदीच अशक्य असल्याखेरीज चाचणी मुलाच्या भाषेत घ्यायची, एकाच चाचणीवर निकाल लावायचा नाही, आणि इंग्रजी येत नाही एवढ्याच कारणानं कुणाला पात्र ठरवायचं नाही.

"म्हणजे माझा संशय खरा होता."

"खरा होता म्हणून तर कायदा झाला. पण त्या संशयाचं तुम्ही काय करणार? सही नाही करायची?"

आता ती तापली होती. लहानपणी हिशेब चुकला नाही हे पटवून देताना असाच आवाज चढायचा तिचा.

"१९७५ च्या आधी काय होतं माहीत आहे? इथल्या संसदेनं हा कायदा करताना स्वतःच नोंदवून ठेवलंय, दहा लाख दिव्यांग मुलं शाळेच्या दाराबाहेरच होती. शाळा सरळ सांगायची, आमच्याकडं सोय नाही. कुणावर शिक्का नव्हता. घरातच असायची पोरं. त्या साली नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष फोर्डनं सही केली, आणि त्यानंतर तीन ते पाचच्या मुलांना हक्क पक्का व्हायला १९८६ उजाडलं. आणि शिक्का टाळायचं सरकारनं मनावर घेतलं की काय होतं तेही बघा. टेक्ससमध्ये २००४ पासून शाळांच्या तपासणीत एक आकडा ठेवला होता, साडेआठ टक्के. त्याहून जास्त मुलं विशेष शिक्षणात दिसली की शाळेची झाडाझडती. मग शाळांनी मुलं शोधणंच कमी केलं. वर्षानुवर्षं चाललं. ह्यूस्टनच्या वर्तमानपत्रानं २०१६ मध्ये बाहेर काढलं, २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं सांगितलं की हा कायद्याचा भंग आहे. त्या पोरांना कुणी नावं ठेवली नाहीत, अण्णा. मदतही दिली नाही."

मी ऐकून घेतलं. साडेआठ टक्क्यांचं मला नवल वाटलं नाही. वरून आकडा आला की खाली पोरं त्या मापाची होतात, हे पटसंख्या भरणाऱ्या कुठल्याही मास्तराला सांगायला नको. आमच्याकडं शाळाबाह्य मुलं शून्य दाखवायची मोहीम निघाली की संध्याकाळपर्यंत शून्य व्हायची.

इथं चहा संपला आणि ही बाहेर आली. गुंड्याच्या उष्ट्या वाटीतला वरणभात तिनं टेबलावर ठेवला. मुलीनं विषय बदलल्यासारखं करत म्हटलं, "आई, तपासणीच्या बाई विचारणार आहेत, चमच्यानं स्वतः जेवतो का. काय सांगू?"

"सांग की आजी भरवते. काऊचा घास, चिऊचा घास."

"मग त्या लिहिणार, स्वतः जेवत नाही. 'स्वतःचं स्वतः करणं' यात मागं."

"मग काय, त्यांच्यासाठी उपाशी ठेवू पोराला?"

मी मुलीकडं बघितलं. हा माझा मुद्दा हिनं न सांगता मांडला होता. पोराला जमत नाही, की घरात कुणी करू देत नाही, हे मापात कसं पकडणार? मुलगी म्हणाली की चांगले तपासणारे हे विचारतात: संधी मिळते का, घरातली रीत काय. म्हणूनच आईबापांची मुलाखत हा तपासणीचा भाग आहे, आणि पात्र की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत आईबाप मांडीला मांडी लावून बसतात. मानसतज्ज्ञ, अध्ययन सल्लागार, समाजसेविका यांची 'चाइल्ड स्टडी टीम', भाषेसाठी स्पीच थेरपिस्ट, आणि आई. "आईला मत असतं?" हिनं विचारलं. असतं, मुलगी म्हणाली. निकाल पटला नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी मागता येते, शाळेच्या खर्चानं. शाळेला ते नको असेल तर आपली तपासणी बरोबर होती हे शाळेनं सुनावणीत सिद्ध करायचं.

"शाळेनं सिद्ध करायचं," मी पुन्हा म्हणालो. हे मात्र माझ्या चौतीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं.

आपल्याकडं काहीच नाही असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. तेव्हापासून त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. विकासातला विलंब त्यांच्या यादीत आहे, पुढं पाठवायला जिल्ह्याचं केंद्र आहे. पण ज्या आईला पाठवायचं तिची दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं त्या यादीत नाही. शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. वाचन-लेखनातल्या अडचणीचा दाखला आठव्या वर्षाच्या सुमाराला मिळतो, आणि मग दहावीला लेखनिक, जादा वेळ. दहावीला! आठव्या वर्षापर्यंत पोरानं काय करायचं, याचं उत्तर आमच्या शाळेत भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या रांगेत बसलेलं असायचं.

मला जे लागलं होतं ते इथं येतं. त्या रांगेतला एक मुलगा. मी तेव्हा तिशीत होतो, पहिली-दुसरी एकत्र शिकवत होतो. हा उंच, म्हणून मागं. नाव पुकारलं की शेजाऱ्याकडं बघून मग उभा राहायचा. पाढे सगळ्यांबरोबर ओठ हलवत म्हणायचा, एकट्याला म्हणायला लावलं की गप्प. मी त्याला लबाड समजलो. ओठ हलवण्याबद्दल अंगठे धरायला लावले. त्याचा कान वाहायचा, कापसाचा बोळा मला रोज दिसायचा. तो बोळा आणि ते ओठ यांचा संबंध लावायला मला कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणता येईल, मी म्हणतोही. चौथीत त्यानं शाळा सोडली, मेंढरामागं गेला. मेंढरांत तो उत्तम होता असं ऐकलं. त्यात ऐकू येण्यापेक्षा बघणं लागतं.

हे मी मुलीला आधी कधी सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. कागद तिनं आपल्याकडं ओढून घेतला.

थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं तुम्ही विरोधात आहात."

"तपासणीच्या विरोधात नाही. त्या पोराचे कान तपासायला कुणी आलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. मी विरोधात आहे तो त्या आकड्याच्या. मदत हवी तर आधी पुरेसं मागं पडून दाखवा, हे काय? तहानलेल्याला पाणी द्यायच्या आधी घसा किती कोरडा ते मोजायचं?"

"पाणी सगळ्यांना पुरत नसेल तर मोजावंच लागतं."

"तर मग तसं म्हणा की. पाणी कमी आहे म्हणून मोजतोय म्हणा. पोरात काहीतरी कमी आहे म्हणून मोजतोय असं का म्हणता?"

यावर ती एकदम गप्प झाली. मला वाटलं मी वाद जिंकला, आणि निवृत्त मुख्याध्यापकाला व्हावं तितकं बरं वाटलं. पण तिचं गप्प होणं वेगळंच होतं. तिनं चेहरा ओंजळीत धरला.

"अण्णा, मला वेगळीच भीती आहे. तो सुधारलाय. बुधवारच्या बाईंमुळं, आई आल्यामुळं. मागच्या वर्षी शब्द मोजून सात होते, आता कितीतरी आहेत. भाषेत मागं आहे, पण तेहतीस टक्के? माहीत नाही. बाकी सगळ्यांत वयाएवढा आहे. पुढच्या महिन्यात तो रेघेच्या वर निघाला तर मेमध्ये सगळं बंद. काही नाही. आणि काल त्यानं पहिल्यांदा 'बूट' म्हटलं तर मला आनंदाच्या आधी वाटलं, अरे, आता नको, महिनाभर थांब."

ही हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली.

बऱ्याच वर्षांत मी कुणाचं ऐकून इतका निरुत्तर झालो नव्हतो. आमच्या गावात दाखल्याच्या रांगेत मी एका बापाला पोराला सांगताना ऐकलं होतं, डॉक्टरपुढं जरा जास्त लंगड. मला त्या बापाची चीड आली होती. माझी मुलगी, एम.एस. केलेली, न्यू जर्सीत घर घेतलेली, त्याच रांगेत उभी होती.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"काय करणार? खरं तेच दाखवणार." तिनं डोळे पुसले. "आकडा थोडक्यात हुकला तर नुसत्या आकड्यावर सोडू नका, बोलताना कसा अडतो, चिडतो, बाकी पोरांत कसा मागं उभा राहतो ते बघा, असं सांगायचा मला अधिकार आहे. कुणी तपासणाऱ्यानं वर्गात किंवा खेळताना बघायला पाहिजे, तेही मागेन. भाषेपुरती वेगळी पात्रता असते, ती आहे का विचारेन. आणि नाहीच मिळालं तर पैसे भरून स्पीच थेरपी. आम्हाला परवडेल. न परवडणारेही पुष्कळ आहेत या गावात."

"आणि मी काय करू?"

तिनं फाइलमधून आणखी एक कागद काढला. मूल कुठले शब्द बोलतं, कुठल्या भाषेत, याची यादी मागितली होती. दोन भाषांतले शब्द वेगवेगळे न धरता एकत्र मोजायचे. मराठीत 'पाणी' म्हणतो आणि इंग्रजीत 'शूज' म्हणतो तर ते दोन. "दिवसभर तुम्ही दोघं असता त्याच्याजवळ. मला जे कळत नाहीत तेही तुम्हाला कळतात. यादी तुम्ही करा. समोर अर्थ लिहा, नाहीतर पुन्हा गाय होईल."

सही तिनं त्याच दिवशी केली, रात्री जावयानं. मुदत सुरू झाली. सहीपासून नव्वद दिवसांत तपासणी, निर्णय आणि पात्र असेल तर आराखडा अमलात. कागदावरच्या त्या शब्दाबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. तिला तो दाराचं कुलूप उघडायची किल्ली वाटतो. मला अजूनही वाटतं की दाराला कुलूप कुणी लावलं ते आधी विचारावं.

यादीसाठी मी शंभर पानी वही घेतली, उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले: शब्द, अर्थ, कधी म्हणाला. आठ दिवसांत एकोणसाठ झाले. पापा म्हणजे पाणी, पप्पा म्हणजे बाप, यांत फरक आहे, तो कान देऊन ऐकावा लागतो. आबू म्हणजे मी. मम्मं, भूभू, जीजी म्हणजे चपाती, ती का ते हिलाही माहीत नाही. काऊ. त्यापुढं मी ठळक लिहिलं: कावळा. मुलीनं शेजारी इंग्रजीत लिहिलं.

शनिवारी सकाळी ती वही चाळत खिडकीशी बसली होती. बाहेर बर्फावर दोन कावळे काहीतरी टोचत होते. इथले कावळे आपल्याहून काळेभोर, मान राखाडी नाही. गुंड्या काचेला नाक लावून उभा होता. कुणाच्या तरी गाडीचं दार वाजलं आणि दोन्ही उडाले.

तो वळला, हात वर केला, आणि म्हणाला, "काऊ भुल्ल."

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुलगी जागची हलली नाही. दोन शब्द, एकापाठोपाठ एक, मध्ये श्वाससुद्धा नाही.

मी पेन उघडून तिच्याकडं बघितलं.

"लिहा, अण्णा," ती म्हणाली. "तारीख घाला."